प्रवाळ-मत्स्यालय : स्किमरची आवश्यकता किती?

समुद्रतळावरील प्रवाळांची बाग काचेच्या पेटीत फुलविता येईल, ही कल्पना साठ-सत्तर वर्षांपूर्वी अशक्यप्राय वाटत असे. आज जगातील अनेक सार्वजनिक मत्स्यालयांत आणि हौशी मत्स्यपालकांच्या घरांतही जिवंत प्रवाळ वाढत आहेत. गोड्या पाण्यातील मासे पाळण्यापेक्षा हे काम कितीतरी कठीण आहे. त्याला खर्चही अधिक येतो आणि चूक झाल्यास जीव जातो तो मुक्या प्राण्यांचा. त्यामुळे अशा मत्स्यालयाची उभारणी करणाऱ्यापुढे साधनसामग्रीच्या निवडीचा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो. त्यातही सर्वांत वादाचा विषय म्हणजे ‘प्रोटीन स्किमर’ हे यंत्र होय. पाण्यातील विरघळलेली सेंद्रिय घाण फेसाच्या रूपाने बाहेर काढणे, हे त्याचे कार्य. या यंत्रावाचून प्रवाळ जगणारच नाहीत, असे काही जाणकार सांगतात. दुसरीकडे, त्याच्यावाचून वर्षानुवर्षे निरोगी प्रवाळ वाढविणारेही आहेत. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. खरे उत्तर मत्स्यालयाच्या जमाखर्चात सापडते : पाण्यात रोज काय पडते आणि त्यातून काय बाहेर जाते, हे एकदा नीट समजले की स्किमरची गरज किती, हेही ठरविता येते.

प्रवाळांना निर्मळ पाणी का हवे?

प्रवाळ दिसायला वनस्पतीसारखे किंवा दगडासारखे असले, तरी ते प्राणी आहेत. लहान लहान जीवांची ती एक वसाहत असते. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत झूआक्झँथेली या नावाने ओळखली जाणारी सूक्ष्म शैवाले राहतात. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने ती अन्न तयार करतात व त्याचा मोठा वाटा प्रवाळाला देतात. प्रवाळ त्यांना आश्रय देतो आणि आपल्या शरीरातील टाकाऊ नायट्रोजन व फॉस्फरस पुरवितो. या परस्पर सहकार्यामुळेच, पोषकद्रव्यांचा दुष्काळ असलेल्या स्वच्छ उष्ण कटिबंधीय समुद्रात प्रवाळभित्ती समृद्ध होतात.

काचेच्या पेटीत परिस्थिती उलट असते. माशांना घातलेले खाद्य, त्यांची विष्ठा आणि मेलेले सूक्ष्म जीव पाण्यातच कुजतात. त्यांतून प्रथम अमोनिया, नंतर जिवाणूंच्या क्रियेने नायट्राइट व शेवटी नायट्रेट तयार होते. फॉस्फेटही साठत जाते. ही द्रव्ये वाढली की केसाळ शेवाळ खडक व्यापू लागते आणि प्रवाळांची जागा व प्रकाश हिरावून घेते. फॉस्फेटचे प्रमाण फार वाढल्यास प्रवाळांची चुनखडीचा सांगाडा बांधण्याची क्रियाही मंदावते. समुद्रात अशा घाणीला अफाट पाणी आणि अखंड प्रवाह मिळतो. शंभर-दोनशे लिटरच्या पेटीत तिला बाहेर जाण्याची वाट मनुष्यानेच करून द्यावी लागते.

फेसाचे शास्त्र

पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर पिवळसर, चिकट फेस येऊन पडतो, हे अनेकांनी पाहिले असेल. समुद्राच्या पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये लाटांच्या घुसळणीमुळे अशी फेसाच्या रूपाने वेगळी होतात. स्किमरमध्ये घडते ते हेच.

प्रथिने, मेदाम्ले आणि तत्सम अनेक रेणूंचे एक टोक जलस्नेही, तर दुसरे जलविरोधी असते. साबणाचा रेणूही याच जातीचा. असे रेणू पाण्यात मोकळे राहण्यापेक्षा पाणी आणि हवा जेथे भेटतात त्या पृष्ठावर जाऊन बसणे पसंत करतात. जलस्नेही टोक पाण्यात राहते व जलविरोधी टोक हवेकडे वळते. पाण्यात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे सोडले, तर अशा पृष्ठाचे एकूण क्षेत्रफळ प्रचंड वाढते आणि प्रत्येक बुडबुडा आपल्या अंगावर घाणीचा पातळ थर घेऊन वर चढतो. उभ्या नळकांड्याच्या वरच्या अरुंद गळ्यात हे बुडबुडे एकमेकांवर रेटले जातात. त्यांतील पाणी खाली निथळते आणि उरलेला दाट, तपकिरी, दुर्गंधीयुक्त फेस वरच्या वाटीत साचतो. ती वाटी रिकामी करून धुतली की घाण कायमची बाहेर गेली. खनिज उद्योगात धातुके गाळापासून वेगळी करण्यासाठी फेसाचा जो उपयोग करण्यात येतो, त्याचे मूलतत्त्व याच्याशी मिळतेजुळते आहे.

हे यंत्र समुद्राच्या पाण्यातच उत्तम चालते, यालाही कारण आहे. खाऱ्या पाण्यातील क्षारांमुळे बुडबुडे एकमेकांत सहजासहजी मिसळत नाहीत आणि बारीकच राहतात. गोड्या पाण्यात ते चटकन एकत्र येऊन मोठे होतात व फुटतात. म्हणूनच गोड्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयात असे यंत्र सहसा आढळत नाही.

स्किमर काय करतो आणि काय करीत नाही

स्किमरचा मोठा गुण असा की, तो सेंद्रिय घाण कुजण्यापूर्वीच तिला पाण्यातून काढून घेतो. इतर गाळण्यांत अडकलेली घाण पाण्याच्या वाटेतच राहते व तेथे कुजत असते. स्किमरच्या वाटीतील घाण मात्र मत्स्यालयापासून वेगळी झालेली असते. हवा आणि पाणी यांच्या घुसळणीमुळे पाण्यात प्राणवायू मिसळतो व अतिरिक्त कर्बद्विप्राणिल वायू निघून जातो, हा त्याचा दुसरा लाभ. रात्री वनस्पती व शैवाले प्राणवायू निर्माण करीत नाहीत, तेव्हा तो विशेष मोलाचा ठरतो.

त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट ही विरघळलेली अकार्बनी द्रव्ये बुडबुड्यांना चिकटत नाहीत. एकदा ती तयार झाली की स्किमर ती थेट काढू शकत नाही. चुना व क्षारता यांची भरपाई तो करीत नाही. शिवाय घाणीबरोबर काही जिवाणू आणि प्रवाळांचे खाद्य असलेले काही सूक्ष्म जीवही तो ओढून नेतो.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००९ व २०१० मध्ये या यंत्राच्या कार्यक्षमतेची मोजमापे प्रसिद्ध केली. पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनापैकी साधारणतः २० ते ३५ टक्के भागच स्किमर काढू शकतो, असे त्यांना आढळले. तपासलेल्या निरनिराळ्या बनावटींमध्ये फार मोठा फरकही दिसला नाही. उरलेला भाग फेसाला दाद देत नाही. तो जिवाणूंना खाऊ द्यावा लागतो, सक्रिय कोळशावर शोषून घ्यावा लागतो किंवा पाणी बदलून बाहेर काढावा लागतो. स्किमर हा मत्स्यालयाचा एक उपयुक्त नोकर आहे. सर्व कामे त्याच्यावर सोपविता येत नाहीत, हाच या मोजमापांचा अर्थ.

चार शहरे, चार पद्धती

प्रवाळ-मत्स्यालयाचा इतिहास पाहिला, तर हा प्रश्न निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या रीतीने सोडविण्यात आल्याचे दिसते.

इंडोनेशियातील जकार्ता येथे ली चिन एंग यांनी कोणत्याही गाळणीवाचून समुद्री जीव पाळून दाखविले. भित्तीवरून आणलेले जिवंत खडक, समुद्राचे पाणी, सूर्यप्रकाश आणि हवेचे मंद बुडबुडे एवढीच त्यांची साधने. त्यांच्या पद्धतीचा लेख १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात प्रसिद्ध झाला. सच्छिद्र खडकांत राहणारे जिवाणू व सूक्ष्म जीव हीच खरी गाळणी, हे त्यांच्या प्रयोगाने सिद्ध केले. मात्र जवळच असलेला उष्ण, स्वच्छ समुद्र हे त्यांचे मोठे भांडवल होते.

समुद्रापासून दूर असलेल्या बर्लिनमधील हौशी मत्स्यपालकांना हे भांडवल उपलब्ध नव्हते. तेथे डीट्रिश श्ट्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत खडक, प्रखर दिवे, चुन्याची निवळी आणि शक्तिशाली स्किमर यांचा मेळ घातला. चुन्याच्या निवळीचा उपयोग पीटर विल्केन्स यांनी पूर्वीच पुढे आणलेला होता. ‘बर्लिन पद्धती’ या नावाने ही रीत जगभर पसरली आणि स्किमर हे प्रवाळ-मत्स्यालयाचे आवश्यक अंग होय, ही समजूत मुख्यतः तिच्यामुळेच रूढ झाली. श्ट्यूबर यांनी वाढविलेल्या प्रवाळाचे तुकडे पुढे अनेकांच्या मत्स्यालयांत रुजले. समुद्रातून नवे प्रवाळ न आणताही त्यांची पैदास करता येते, याचे ते एक आरंभीचे उदाहरण ठरले.

मोनॅको येथे झाँ जोबेर यांनी वेगळा मार्ग धरला. वाळूच्या जाड थराखाली संथ पाण्याची पोकळी ठेवल्यास वाळूच्या खोल भागात प्राणवायू कमी राहतो. तेथील जिवाणू नायट्रेटचे विघटन करून नायट्रोजन वायू मुक्त करतात. या पद्धतीत स्किमरशिवाय प्रवाळ वाढविण्यात आले.

वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी यांनी तर स्किमरला तत्त्वतःच विरोध केला. यंत्राने प्रवाळांचे सूक्ष्म खाद्यही नाहीसे होते, असा त्यांचा आक्षेप होता. जाळीवर दिव्यांखाली शेवाळाची हिरवळ वाढवावयाची, तिने नायट्रेट व फॉस्फेट शोषून घ्यावयाचे आणि ती हिरवळ वेळोवेळी खरवडून टाकावयाची, अशी त्यांची योजना. या तत्त्वावरील जिवंत प्रवाळभित्ती १९८० मध्ये तेथील निसर्गविज्ञान संग्रहालयात लोकांसाठी खुली झाली. ऑस्ट्रेलियातील टाउन्सव्हिल येथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या भव्य प्रवाळ-मत्स्यालयातही आरंभी शेवाळाच्या साहाय्याने पाणी शुद्ध करण्याचीच पद्धत होती.

जकार्ता, मोनॅको व वॉशिंग्टन येथे प्रवाळ स्किमरवाचून वाढले, बर्लिनमध्ये स्किमरसह वाढले. या चारही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. घाण बाहेर जाण्याची एक तरी खात्रीची वाट प्रत्येकीत ठेवलेली आहे.

जमाखर्चाचे एक उदाहरण

हा हिशेब आकड्यांत मांडला म्हणजे अधिक स्पष्ट होतो. १०० लिटर पाण्याच्या मत्स्यालयात रोज १ ग्रॅम कोरडे खाद्य टाकले जाते, असे समजू. माशांच्या खाद्यात सुमारे निम्मा भाग प्रथिनांचा असतो आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १ ग्रॅम खाद्यातून ०.०८ ग्रॅम नायट्रोजन पाण्यात येतो. माशांच्या वाढीत खर्च होणारा अल्प भाग सोडला आणि बाकी सर्व नायट्रोजनाचे नायट्रेट झाले असे धरले, तर ते सुमारे ०.३५ ग्रॅम भरते. १०० लिटर पाण्यात हे प्रमाण लिटरमागे ३.५ मिलिग्रॅम होते. आठवड्याला ही भर सुमारे २५ मिलिग्रॅम पडते.

आता दर आठवड्याला पाचवा हिस्सा, म्हणजे २० टक्के पाणी बदलले, तर साठलेल्या नायट्रेटचाही पाचवा हिस्साच बाहेर जाईल. आठवड्याची भर आणि आठवड्याचा खर्च यांचा मेळ बसेपर्यंत प्रमाण वाढतच जाईल. हा मेळ लिटरमागे सुमारे १२५ मिलिग्रॅमला बसतो. प्रवाळांच्या दृष्टीने हे पाणी फारच दूषित होय. नैसर्गिक प्रवाळभित्तीच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण सामान्यतः लिटरमागे एक मिलिग्रॅमपेक्षाही पुष्कळ कमी असते.

त्याच मत्स्यालयात एक-दोन लहान मासेच ठेवले आणि खाद्य रोज ०.१ ग्रॅमवर आणले, तर हाच आकडा लिटरमागे साडेबारा मिलिग्रॅमवर येतो. जिवंत खडकांतील जिवाणू त्यातूनही काही भाग कमी करतात. तेव्हा पाणी बदलण्याची शिस्त पाळल्यास येथे स्किमरची गरज उरत नाही. माशांची संख्या आणि खाद्याचे प्रमाण हाच या प्रश्नाचा गाभा आहे, हे या साध्या गणितावरून दिसून येईल.

स्किमर केव्हा घ्यावा?

सुमारे १०० लिटरपर्यंतचे मत्स्यालय, त्यात मोजकेच मासे, मऊ प्रवाळ किंवा फारसे नाजूक नसलेले जीव आणि दर आठवड्याला १० ते २० टक्के पाणी बदलण्याची तयारी असेल, तर स्किमर न घेता ते पैसे चांगल्या प्रतीचे मीठ, शुद्ध पाणी आणि तपासणीची साधने यांवर खर्च करणे अधिक हिताचे ठरते. इतक्या लहान मत्स्यालयात पाणी बदलणे सोपे व स्वस्त असते. त्यामुळे घाणीबरोबर साठलेली इतर द्रव्येही बाहेर जातात आणि प्रवाळांनी शोषलेल्या चुन्याची व अन्य क्षारांची काही प्रमाणात भरपाईही होते.

मत्स्यालय तीन-चारशे लिटरचे किंवा त्याहून मोठे असेल, मासे पुष्कळ असतील व त्यांना दिवसातून अनेकदा खाद्य द्यावे लागत असेल, तर स्थिती बदलते. ५०० लिटरचे २० टक्के म्हणजे १०० लिटर खारे पाणी दर आठवड्याला तयार करणे हे श्रमाचे व खर्चाचे काम आहे. पुणे, नागपूरसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरांत प्रत्येक लिटर पाणी मीठ मिसळूनच करावे लागते. बारीक फांद्यांच्या कठीण प्रवाळांना तर पाण्याच्या गुणांत फारसा चढउतार सोसवत नाही. अशा ठिकाणी स्किमर घेणे शहाणपणाचे होय. शेवाळाची वेगळी टाकी किंवा खोल वाळूचा थर हेही पर्याय आहेत. परंतु त्यांना जागा, प्रकाश व अनुभव लागतो आणि त्यांचा बिघाड लवकर लक्षात येत नाही. स्किमरची वाटी भरली की नाही, हे मात्र नवख्यालाही दिसते.

पाणी अतिशय स्वच्छ करण्याचा हव्यासही बरा नव्हे. नायट्रेट व फॉस्फेट पार शून्यावर गेल्यास प्रवाळांची उपासमार होते व ते फिकट पडू लागतात. मासे अगदी थोडे आणि यंत्र मात्र प्रचंड, अशी विसंगती म्हणूनच टाळावी.

वापरातील दक्षता

यंत्र घेतले तरी त्याची निगा राखावी लागते. नवा स्किमर पहिले काही दिवस नीट फेस धरीत नाही. त्यामुळे तो निकामी आहे असे समजू नये. गळ्याच्या आतील बाजूस चिकट थर साचला की फेस वर चढत नाही, म्हणून तो भाग दर दोन-तीन दिवसांनी पुसावा. तेलकट खाद्य टाकल्यावर फेस काही काळ बसतो. प्रवाळांना सूक्ष्म खाद्य देताना तासभर यंत्र बंद ठेवण्यास हरकत नाही.

वाटीत पातळ फेस जमत असेल, तर त्याबरोबर खारे पाणीही जाते. ती तूट साध्या पाण्याने भरून काढल्यास खारटपणा हळूहळू उतरतो. म्हणून विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आहे ना, हे नियमाने पाहावे. स्किमर खोलीतील हवा सतत ओढीत असल्याने, त्याच्याजवळ डासनाशक फवारा मारू नये, रंगकाम करू नये आणि धूप-उदबत्तीही दूर ठेवावी.

२० वॅटचा पंप अहोरात्र चालविल्यास महिन्याला सुमारे १४ युनिट वीज लागते. खर्चाच्या अंदाजात हेही धरावे. वीज गेल्यास स्किमर बंद पडतो आणि प्राणवायूचा पुरवठाही घटतो. मासे दाटीने ठेवलेल्या मत्स्यालयात काही तासांतच संकट ओढवू शकते. विजेची खात्री नसलेल्या ठिकाणी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असणे स्किमरहूनही अधिक निकडीचे आहे.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी समुद्राचे पाणी वापरताना ऋतूचे भान ठेवावे. पावसाळ्यात खाड्यांच्या मुखाजवळील पाणी गढूळ व कमी खारट होते. शहरांलगतच्या किनाऱ्यावर सांडपाण्याचा संसर्गही असतो. असे पाणी आणून त्याची शुद्धी स्किमर करील, अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ होय.

प्रवाळ ही राष्ट्राची ठेव

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने अनेक पिढ्यांना समुद्री जीवांचे प्रथम दर्शन घडविले. समुद्राविषयीचे कुतूहल अशा दर्शनातून वाढते आणि त्यातूनच घरी मत्स्यालय असावे, ही हौसही निर्माण होते. ती स्वागतार्ह आहे. तथापि, प्रवाळांच्या बाबतीत हौसेला कायद्याची मर्यादा आहे. भित्ती बांधणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला. भारतीय समुद्रातून ते काढणे, विकणे वा विकत घेणे हा गुन्हा आहे. कठीण प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही करारान्वये नियंत्रण असून त्यासाठी रीतसर परवाने लागतात. ‘जिवंत खडक’ म्हणून भित्तीचे तुकडे उचलून आणणे हेही तितकेच गैर. कोरडे किंवा कृत्रिम सच्छिद्र खडक वापरले, तरी काही महिन्यांत जिवाणूंच्या वस्तीने ते जिवंत होतात.

महाराष्ट्रालाही प्रवाळांचा वारसा लाभला आहे. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या परिसरात प्रवाळ आढळतात. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर दूर खोल समुद्रात असलेल्या आणि आंग्रे घराण्याचे नाव धारण करणाऱ्या आंग्रिया बँकेवरही प्रवाळांची वसाहत आहे. तेथील सांगाडे वर्षाकाठी थोडेथोडे वाढत आजच्या रूपाला आले आहेत. एकदा तोडलेली फांदी पेटीत मेली, तर तिची भरपाई कोणतेही यंत्र करू शकत नाही.

म्हणून प्रवाळ-मत्स्यालय उभारण्यापूर्वी काही गोष्टींचा विचार अगत्याने करावा. जीव कायदेशीर मार्गाने व शक्यतो पैदास केलेलेच मिळतील काय? त्यांना रोज जे खाऊ घालावयाचे, त्याची घाण बाहेर काढण्याची कोणती वाट ठेवली आहे? आणि घरातील कोणी आठवड्यामागून आठवडे ते काम न चुकता करील काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर स्किमर घ्यावा की न घ्यावा हा निर्णय पाण्याचे माप आणि माशांची संख्या पाहून सहज करता येईल. ती नसतील, तर बाजारातील उत्तमोत्तम स्किमरही त्या मत्स्यालयाला तारू शकणार नाही.